बोरीचा बांध

मित्रांनो, शाळेला जाताना चिखल लागू नये म्हणून तुम्ही ज्याच्यावरून पळत जाता, तो मी. शेताचा बांध. वय झालंय माझं. खाली बघून चालायची तुम्हाला सवय नाही, म्हणून आज मीच बोलतो.

केडगावच्या पुढं चढावर आमचं रान आहे. दोघा भावांनी वाटणी केली, तेव्हा मला मात्र मिळून घातलं. दगड वाहिले, माती चोपली आणि मधोमध एक बोर लावली. वरचं रान थोरल्याचं, खालचं धाकट्याचं. बैलगाडी आरामात जाईल एवढा मी रुंद होतो. पाऊस आला की वरची माती अडवायची आणि पाणी जिरवायचं, हे माझं काम. खुरपणीच्या बायका माझ्यावर बसून भाकरी खायच्या आणि म्हणायच्या, बांध लई गुणाचा हाय. मला बरं वाटायचं.

पुढं वरचं रान थोरल्याच्या सुनेकडं, आक्काबाईकडं आलं आणि खालचं धाकट्याच्या नातवाकडं, हनुमंताकडं. नात्यानं काकू-पुतण्या. दोघंही कष्टाळू, मनानं वाईट नाहीत. पण नांगरताना दरसाल ट्रॅक्टर जरासा माझ्या अंगावर यायचा. कधी वरून, कधी खालून. एवढ्याशा मातीनं काय बिघडतंय, असं दोघांनाही वाटायचं. मी रोडावत गेलो आणि शेवटी पायवाटेपुरता उरलो. "बांध तू कोरलास," "न्हाई, तुमीच कोरला," यावरून दोघांचं बोलणं तुटलं. मग माझा ढासळलेला दगड बसवायलाही कुणी येईना.

गेल्या भादव्यात धो धो पाऊस झाला आणि मी फुटलो. फार वाईट दिवस होता तो. आक्काबाईची काळी माती वाहत गेली आणि हनुमंताच्या कांद्यावर जाऊन बसली. वर मुरूम उघडा पडला, खाली पीक गाडलं गेलं. आक्काबाई घमेल्यानं माती वर आणून टाकायची. घमेल्यानं कुठं रान भरतं का? मला तिची फार दया यायची. पुढच्या पावसाआधी मी उभा राहिलो नाही, तर उरलेली मातीही जाणार होती.

उन्हाळ्यात कृषी सहायक निकिता मॅडम आल्या. फुटलेल्या बांधांसाठी सरकारनं तातडीचं अनुदान दिलंय, म्हणाल्या. "पण बांध पहिल्यासारखा रुंद घालायचा, तर दोघांनीही जागा सोडली पाहिजे. नाहीतर मला हे काम अनुदानात धरता येणार नाही."

"त्यानं खाल्लीय, त्यानं सोडावी," आक्काबाई मॅडमकडं बघून म्हणाली.

"आधी काकूला सोडू द्या," हनुमंत दुसरीकडं बघून म्हणाला.

मॅडम गाडीकडं निघाल्या. झालं, मी मनात म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

बोर मात्र अजून तग धरून होती. पाण्यानं माती धुऊन नेल्यामुळं तिची मुळं उघडी पडली होती. आक्काबाई जरा टेकायला म्हणून तिच्यापाशी गेली आणि थबकली. खालच्या बाजूची मुळं नांगराच्या फाळानं तुटलेली होती. वरच्या बाजूचीही तशीच होती. तिच्या बाजूची. तिनं त्या तुटक्या मुळावरून हात फिरवला.

"हनुमंता, इकडं ये," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी तिनं त्याला नावानं हाक मारली होती. "हे बघ. तू कोरलंस तसं मीबी कोरलंय. मॅडमला थांबव. माझी जागा मी सोडते."

हनुमंतानं हाक मारून मॅडमना थांबवलं आणि वाकून मुळं बघितली. "मीबी सोडतो, काकू," तो म्हणाला. "आन् तुमची माती माझ्या रानात पडलीय. माझी ट्रॉली हाय. माती आधी वर टाकू, मग जेसीबी येऊ दे."

अनुदानातून जेसीबी आला, दगड आले, मी पुन्हा रुंद झालो. सरकारनं मला उभं केलं, ते उपकार आहेतच. पण मित्रांनो, मला जागा दिली ती या दोघांनी.

परवा हनुमंत नांगरत माझ्यापाशी आला. जुन्या सवयीनं मी अंग चोरून घेतलं. त्यानं हातभर अलीकडंच नांगर उचलला आणि ट्रॅक्टर वळवला. तुमच्या रानातही माझ्यासारखा कुणी पडून असेल. नांगरट निघाली की घरच्यांना एवढंच सांगा, जरा अलीकडून वळा.