पिवळी पात

चित्र भिंतीवर लागलं आणि बायडाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे आपलं रान?"

"हो आजी, चांदवडचं. हा मागचा डोंगर, ही विहीर, हा कांदा." सृष्टी स्टुलावरून उतरली. चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती नात. आठ दिवस खोलीचं दार लावून रंगवत बसली होती. नाशकातल्या नव्या फ्लॅटची आज वास्तुशांती, त्याची ही भेट.

"आणि हा रंग कसला गं? दुधाचा चहा सांडल्यावानी?"

"आठवणीचा रंग आहे तो. गेलेल्या दिवसांची हुरहुर दाखवायची तर भडक हिरवा नाही चालत. सगळं पिवळट, जरा धुरकट ठेवायचं. बघणाऱ्याला आपोआप वाईट वाटतं."

"मला वाटलंच की, बये! लय वाईट वाटलं!"

बायडाबाईंची शाळा दुसरीतून सुटली ती सुटलीच, पण कांद्याची पात वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पात पिवळी पडून उभीच राहिली म्हणजे करपा. आणि करपा म्हणजे रोग. म्हणजे घरच्या बाईचं रानाकडे लक्ष नाही. रान चार वर्षांपूर्वी हायवेच्या रुंदीकरणात गेलं, पण जाईपर्यंत त्यांच्या कांद्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आज दुपारी अर्धी भावकी जेवायला येणार होती. पुढे धाकटे दीर हिरामण. त्यांच्या रानात तीनदा करपा पडला होता आणि तिन्ही वेळा बायडाबाईंनी बांधावर उभं राहून तो चारचौघांना दाखवला होता. भाऊजींच्या हाती आज आयतंच कोलीत मिळणार.

"हिरवं कर ते. नायतर पलंगाखाली सरकव."

"हिरवं केलं तर त्याचं कॅलेंडर होईल, आजी!"

"होऊ दे. तारखा तरी दिसतील."

सून संजना स्वयंपाकघरातून डोकावली, सासूचा चेहरा बघितला आणि मुकाट पुऱ्या लाटायला गेली.

सृष्टीचे डोळे भरून आले. "पण मी हिरवं बघितलंच कधी? परीक्षा संपली की पप्पा मला तुझ्याकडे नेऊन सोडायचे. तेव्हा सगळं पिवळंच असायचं. ऊन, धूळ, कांदा. मला तेच आठवतं ना!"

बायडाबाई अडल्या. पोर खोटं बोलत नव्हती. थंडीतलं ते निळसर हिरवं रान, पहाटे पाण्याची दारं धरताना पायाला ओली लागणारी पात, ते हिनं बघितलंच नव्हतं. तेव्हा ही नाशकात शाळेच्या बाकावर. राग तर नाकावर येऊन बसला होता, पण आता तो काढावा कुणावर?

"मग येडे, पात उभी कशाला काढलीस? तू यायचीस तेव्हा कशी असायची पात?"

सृष्टीनं नाक ओढलं. "आडवी. सगळी लोळलेली. मी तिच्यावरून पळायचे आणि तू ओरडायचीस."

"हां! माना पडल्या की कांदा पिकला. पिवळी उभी, तर रोग. पिवळी आडवी, तर पीक हाताशी आलं. एवढं कॉलेजात सांगत नाय का?"

"कॉलेजात कांदा नसतो, आजी."

"मग असतं काय तिथं?"

चित्र खाली उतरलं. सृष्टी जमिनीवर बसून ब्रश चालवू लागली आणि बायडाबाई कमरेवर हात ठेवून तिच्या डोक्याशी उभ्या. "ही अजून उभीच. ही पण. झोपव तिला. अगं, सगळ्या एका बाजूला नाय, कवायत हाय का ती? पडतील तशा पडू दे."

"आणि रंग?"

"राहू दे रंग," बायडाबाई नाखुशीनं म्हणाल्या. "ऊन असंच असायचं."

दुपारी भावकीच्या पुढे हिरामण आले. चपला काढून सरळ भिंतीवर परत लागलेल्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बायडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागेच होत्या. उत्तर जिभेवर तयार होतं.

"उन्हाळ कांदा," हिरामण सावकाश म्हणाले. "झकास पोसलाय. पण चार दिसांत उपटायला पायजे, वहिनी."

"उपटून ठेवू कुठं, भाऊजी? कांद्याच्या चाळीवरनं आता गाड्या पळत्यात."

हिरामण चित्राकडेच बघत राहिले. तिथून हललेही नाहीत.

"पाणी घ्या," बायडाबाई खेकसल्या, "आणि व्हा बाजूला. मागच्यांना दिसत नाय."