दोन बोटं डावीकडे

मित्रांनो, माझ्याशी ओळख करून घ्यायची असेल तर आधी मान वर करा. खेळणाऱ्यांच्या डोक्यावर, लोखंडी खांबाला ठोकलेल्या फळीवर माझा मुक्काम असतो. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉलच्या मैदानावरची मी जुनी रिंग. जुनी म्हणजे किती, ते माझ्या अंगावरच्या रंगांवरून कळेल. वर नारिंगी, त्याखाली लाल, त्याखाली पुन्हा नारिंगी आणि सगळ्यात खाली गंज. गंजाची मला लाज वाटत नाही. सोलापूरच्या उन्हात इतकी वर्षं उभं राहून काम केलं, त्याची ती खूण आहे. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. शिवपुत्र नावाच्या कारागिरानं जाड सळई भट्टीत लाल केली, साच्याभोवती वाकवली आणि टोकाला टोक आणून वेल्डिंग केलं. मग मला जमिनीवर आडवं ठेवून त्यानं चारी बाजूंनी पाहिलं आणि पुन्हा हातोडा उचलला. असं तीनदा झालं. मला वाटलं, हा माणूस मला सोडतच नाही. "गोल म्हंजे गोल पायजे," तो स्वतःशीच म्हणाला. "बॉल काय ओळख सांगून आत जात न्हाय." माझ्याखाली बांधलेली पहिली जाळी चादरीच्या कारखान्यात उरलेल्या सुताची होती. ती नवी नवरी नटावी तशी पांढरीशुभ्र दिसायची आणि मी फार तोऱ्यात होते.

सुरुवातीची वर्षं चैनीत गेली. तेव्हा समोरच्या टोकाला माझी जोडीदारीण होती. मुलं तिच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तिच्याकडे धावत सुटायची. पुढे मास्तरांच्या आणि पोरांच्या दुचाकी वाढल्या. अर्ध्या मैदानावर पत्र्याची शेड आली आणि जोडीदारीण भंगारात गेली. गाड्यांना सावली मिळाली, मी मात्र एकटी पडले. तेव्हापासून या महाविद्यालयाचा सगळा खेळ अर्ध्या मैदानावर, माझ्या एकटीच्या जिवावर चालतो.

मग एका वर्षी स्नेहसंमेलन आलं. मांडववाल्यांना दोर बांधायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी कनातीचा दोर माझ्याच गळ्यात अडकवला. संध्याकाळी वारं सुटलं. कनात फुगली, दोर ताणला, फळीला तडा गेला आणि माझी मान डावीकडे मुरगळली. डावीकडे म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या डाव्या हाताला. फार नाही, दोन बोटं वळले आणि तितकीच झुकले. वर गाणी चालू होती, खाली टाळ्या पडत होत्या, माझ्याकडे बघायला सवड कुणाला असणार?

महिन्याभरानं रामहरी मामांनी नवी फळी बसवली. रामहरी मामा म्हणजे मैदानाची झाडलोट करणारे आमचे शिपाई. हात मोठा कष्टाळू आणि डोळा जरा भोळा. फळीवर नेमासाठी चौकोन काढावा लागतो. मामांनी तो मोजपट्टी न लावता, माझ्याकडे बघून काढला. मी जिकडे कलले होते तिकडेच चौकोनही कलला. झालं, आता बघणाऱ्याला सगळं कसं सरळ वाटायला लागलं. वाकड्या रिंगमागे तितकाच वाकडा चौकोन असला की माणसाचा डोळा बिचारा काय करणार?

इथं सराव करणाऱ्या मुलींच्या संघातल्या पोरीही हुशार. आठ दिवसांत त्यांच्या हातांनी माझा कल ओळखला. जरा डावीकडे सोडला की बॉल अलगद आत यायचा. "आपली रिंग लई गुणाची हाय," असं त्या म्हणायच्या आणि मी खूश व्हायचे. आपण वाकडे आहोत हे मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प बसले.

गेल्या वर्षी प्रियंका आली. सांगोल्याकडच्या धनगर घरातली, उंच, सडपातळ. इथं येईपर्यंत तिनं बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता. मात्र शेळ्या राखताना वाट चुकलेल्या शेळीच्या पुढ्यात बरोबर दगड टाकून तिला वळवायची सवय होती. अनिलकुमार सरांनी, म्हणजे आमच्या क्रीडा शिक्षकांनी, तिची उंची आणि नेम बघून तिला संघात घेतलं. खेळाडूंच्या वसतिगृहात तिला खाट मिळाली. संघात नाव आहे तोवर खाट, असा तिथला नियम. नाव गेलं की खाट गेली, आणि खाट गेली की शिक्षणही गेलं, कारण सांगोल्याहून रोज येणं-जाणं कसं जमणार?

प्रियंका जे काही शिकली ते माझ्यावर शिकली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि फ्रीथ्रोच्या रेषेवर उभी राहून दोनशे वेळा बॉल टाकायची. फ्रीथ्रो म्हणजे कुणी न अडवता, रेषेवरून टाकायचा एका गुणाचा बॉल. मी एकेक बॉल गिळत राहायचे. मला वाटायचं, मी या पोरीला मदत करते आहे.

यंदा जिल्ह्यातल्या आठ महाविद्यालयांची लीग होती. प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एकूण चौदा सामने. आमचं मैदान अर्धं, म्हणून आमचे सगळे सामने बाहेर. पहिल्या सातांतले दोन जिंकले आणि पाच हरले. सातवा कुर्डुवाडीला एका गुणानं गेला. शेवटच्या मिनिटाला प्रियंकाला दोन फ्रीथ्रो मिळाले होते आणि दोन्ही चुकले.

दुसऱ्या दिवशी सरांनी दरवर्षीप्रमाणे निम्म्या हंगामाचा हिशेब मांडला. ही त्यांची जुनी पद्धत आहे. संघाला माझ्याखाली बसवायचं आणि गाड्यांच्या शेडच्या भिंतीवर खडूनं दोन रकाने पाडायचे. एकीकडे जमेच्या बाजू, दुसरीकडे दुबळ्या बाजू.

जमेचा रकाना झरझर भरला. अर्ध्या मैदानावर खेळून पोरींचे पास आखूड आणि अचूक झाले होते. हरत असतानाही एकमेकींवर खेकसत नव्हत्या. कप्तान दाक्षायणीचा आवाज सगळ्या मैदानाला पुरत होता. फळीवरून परत आलेला बॉल प्रियंकाच्या हातून सुटत नव्हता. मग सर दुसऱ्या रकान्याकडे वळले. मागे धावण्यात कमी, कारण धावायला अर्धं मैदानच नाही. शेवटच्या पाच मिनिटांत दम संपतो. बाहेर नेम बसत नाही. आणि खाली त्यांनी लिहिलं, 'प्रियंका: हात थरथरतो.'

"बावीस फ्रीथ्रोंपैकी चारच आत," सर म्हणाले. "इथं डोळे मिटून टाकतेस, तिथं गेल्यावर काय होतं तुला?"

"म्या भीत न्हाय, सर."

"भीत नसशील तर जातात कुठं बॉल? शनिवारी उरलेल्या सामन्यांसाठी बारा नावं द्यायचीयत. तुझ्या नावाचा मला विचार करावा लागेल, बाळ."

सर वाईट नव्हते. खडू खिशात टाकून ते कार्यालयाकडे गेले आणि पोरी खाली मान घालून बसून राहिल्या.

दाक्षायणी अक्कलकोटची. लहान मुली तिला अक्का म्हणतात. ती प्रियंकाजवळ सरकली. "रडू नको बग. कुर्डुवाडीला तुझे बॉल कुठं लागले?"

"डावीकडं. दोनी बी."

दाक्षायणीनं आपले चुकलेले बॉल बोटांवर मोजले. मग म्हणाली, "माझे पण डावीकडंच लागतात."

"माझा पण," मागून एक जण म्हणाली. मग आणखी एक. असं करत करत नऊजणी झाल्या.

प्रियंका उठून उभी राहिली. "अक्का, भीतीनं हात कुटंबी जाईल की. सगळ्यांचा एकाच बाजूला कसा जाईल?"

मित्रांनो, त्या क्षणी मला भट्टीत घातल्यासारखं झालं. रोजचे ते दोनशे बॉल आठवले. जितकी ही पोर माझ्यावर घाम गाळत होती, तितकी बाहेर चुकत होती. मी मदत केलीच नव्हती. मी तिला माझं वाकडेपण शिकवलं होतं. कुणीतरी वर बघा, असं मला जिवाच्या आकांतानं ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठला आवाज?

प्रियंकानंच वर पाहिलं. बराच वेळ बघत राहिली. "चौकोन तर मदोमद हाय," ती पुटपुटली. तरी तिचं समाधान होईना. "दगडानं माझा नेम कदी चुकला न्हाय, आन् बॉलनंच का चुकंल?" ती तरातरा गेली आणि मामांची शिडी ओढून घेऊन आली. माझ्या फाटक्या जाळीतला लांब दोरा काढला, त्याला खडा बांधला, माझ्या उजव्या कडेवरून जमिनीपर्यंत सोडला आणि कडेपाशी दोऱ्याला गाठ मारली. मग तोच दोरा डाव्या कडेवरून सोडला. खडा जमिनीला टेकला आणि गाठ माझ्या डाव्या कडेच्या वर राहिली, म्हणजे ती कड खाली झुकलेली होती. दाक्षायणीनं शिडीवर चढून मधली जागा बोटांनी मोजली. दोन बोटं.

सरांना बोलावलं तेव्हा त्यांना ते पटेना. "खांब जुना आहे, तसं वाटतं," ते म्हणाले. "चौकोनाकडं बघा की, बरोबर मध्ये आहे."

रामहरी मामा तिथंच खराटा घेऊन उभे होते. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "सर, चौकोन म्या रंगिवलाय. रिंगकडं बगूनच रंगिवला."

सरांचा एक गुडघा कामातून गेलेला आहे, तरी ते एकेक पायरी करत शिडीवर चढले. त्यांनी दोनदा दोरा सोडून पाहिला. त्यांचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या इतके जवळ आले होते. खाली उतरून ते भिंतीकडे गेले, तळहातानं 'प्रियंका: हात थरथरतो' पुसलं आणि त्याच जागी लिहिलं, 'अनिलकुमार: वर बघितलं नाही.'

शनिवारी दिलेल्या यादीत प्रियंकाचं नाव तिसरं होतं.

आता मला सरळ करायचं होतं. मोडले असते तर नव्या रिंगच्या मंजुरीत वर्ष गेलं असतं आणि तोवर संघाला सरावच उरला नसता. मामांनी हुडकून हुडकून म्हाताऱ्या शिवपुत्रालाच आणलं. त्यानं माझ्यावरून हात फिरवला. "गोल हाय अजून," तो म्हणाला, "मान तेवढी मुरगळलीया." मान तापवली, हातोडा पडला. सांध्यातून कळ गेली, गंजाचे पापुद्रे उडाले. पण मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी तुटायचं नाही. तुटले नाही. मामांनी चौकोन पुसून पुन्हा काढला, या वेळी मोजपट्टी, गुण्या आणि दोरा घेऊन.

तुम्हाला वाटेल, आता सगळं सुरळीत झालं. कसलं काय? पोरींचा एक बॉल माझ्यात येईना. दोन वर्षांची सवय दोन दिवसांत जाते थोडीच? सगळे माझ्या डाव्या कडेवर खडाखड आपटायचे. पुढचे दोन सामनेही हरले. लोक सरांना म्हणाले, होती ती रिंग बरी होती. सर म्हणाले, "थांबा जरा." प्रियंका दोनशेऐवजी तीनशे बॉल टाकायला लागली. तिचे हात सोलले, माझा रंग उडाला. आम्ही दोघीही हटलो नाही. शेडमधल्या गाड्या सकाळी तासभर बाहेर काढून सरांनी संघाला पळायला जागा करून दिली, ती वेगळीच.

मग हळूहळू बॉल कडेवरून आत वळू लागले. पुढच्या चार सामन्यांतले तीन आम्ही जिंकले. शेवटचा सामना पुन्हा कुर्डुवाडीला होता.

तो मी पाहिला नाही. मी जागची हलू शकत नाही. रामहरी मामा बॉलची पिशवी घेऊन संघाबरोबर गेले होते, त्यांच्या तोंडून दुसऱ्या दिवशी ऐकला. पुन्हा आम्ही एका गुणानं मागे, पुन्हा शेवटचं मिनिट, पुन्हा प्रियंकाला दोन फ्रीथ्रो. पहिला डाव्या कडेला लागला आणि बाहेर गेला. सरांनी डोळे मिटले. प्रियंकानं बॉल दोनदा जमिनीवर आपटला, वर पाहिलं आणि दुसरा टाकला. तो जाळीतूनच गेला. बरोबरी झाली. जादाच्या पाच मिनिटांत आमच्या पोरी शेडमध्ये शिकलेलं सगळं पळणं पळाल्या आणि तीन गुणांनी जिंकल्या. आठ संघांत पाचव्या आल्या. चषक मिळाला नाही. प्रियंकाची खाट मात्र जिथं होती तिथंच आहे.

दिवाळीत मामांनी शेडच्या भिंतीला चुना दिला. सरांचं ते वाक्य तेवढं सोडून त्यांनी ब्रश फिरवला. ते अजून तिथं आहे. खाली एका खिळ्याला माझ्या जाळीतला तो दोरा लटकतो, गाठीसकट. दर सोमवारी दोघीजणी शिडी लावतात, दोरा सोडतात आणि मगच बॉलला हात लावतात.

तुमच्याही मैदानावर माझ्यासारखी एखादी असेल, मित्रांनो. तिच्या गळ्यात दोर बांधू नका, तिला लोंबकळू नका. आणि खूप घाम गाळूनही एखाद्याचा नेम चुकत असेल, तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी एकदा दोरा घेऊन शिडीवर चढा. रिंग वाकडी असेल तर ती स्वतः सांगणार नाही. मीही सांगितलं नव्हतं.