सहा तासांचं पोटकलम

आई वकील आहे, पण कोर्टात टेबल आपटणारी नव्हे. वीज, पाणी, रुग्णालयं यांच्या कॉम्प्युटर यंत्रणेत कोणी परका घुसला तर कायद्याने काय करायचं, हे ती सरकारला सांगते. त्यासाठी गोपनीय कागद बघायची तिला परवानगी लागते. ती दर पाच वर्षांनी नव्याने मिळते. नाही मिळाली, तर काम संपलं. शुक्रवारी त्याचीच मुलाखत होती.

आणि सोमवारी मी अतिशहाणीने काय केलं? आई अंघोळीला गेली होती, ऑफिसचा लॅपटॉप उघडाच होता. मैत्रिणीचा पेनड्राइव्ह खुपसला आणि शाळेचा प्रकल्प छापून मोकळी झाले. बुधवारी मैत्रीण म्हणाली, त्याच पेनड्राइव्हमधल्या व्हायरसने तिच्या घरचा कॉम्प्युटर झोपवला. मी मूग गिळून बसले.

गुरुवारी संध्याकाळी सांगितलं. आईने आधी इंटरनेट बंद केलं, मग खुर्चीत बसली.

नियम असा, की ऑफिसच्या लॅपटॉपला असा धोका झाला, तर कळल्यापासून सहा तासांत ऑफिसला कळवायचं. घरातल्या कोणालाही कळलं, तरी घड्याळ सुरू. हे पोटकलम आईनेच घातलेलं. एका साहेबाने ‘बायकोला माहीत होतं, मला नाही’ म्हणत तीन आठवडे काढले होते म्हणे. ते सांगताना ती किती हसली होती.

लॅपटॉपमध्ये सोमवारची नोंद सापडणारच होती. पण मला कधी कळलं, ते कुठेच नोंदलेलं नव्हतं.

"मला आत्ताच कळलं म्हणू?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, पोर काही चुकीचं बोलत नाहीये. आई नाही म्हणाली नाही. ती नाही म्हणाली नाही, याचीच मला भीती वाटली.

मग तिने ऑफिसला कळवायच्या फॉर्मचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. घरच्या माणसाचा जबाब, त्याच्याच अक्षरात.

"तू लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी लिहिलं: बुधवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

आईने ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. बाबा उठून आत गेले.

शुक्रवारी मुलाखत झालीच नाही. सकाळीच दोन माणसं येऊन लॅपटॉप आणि तिचं ओळखपत्र घेऊन गेली. चौकशी किती चालेल, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आईने दार लावलं.

"शाळेला उशीर होतोय तुला," ती म्हणाली.

मी गेले. त्या दिवशी वर्गात मी एकदाही हात वर केला नाही.