रोज तीन वाजता चार पानं

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. नाक मुरडू नका. माझ्या मुखपृष्ठावर एक बंगला आहे, खिडकीत कंदील धरलेली बाई आहे आणि तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. तो हात कुणाचा, हे कळायला एकशे शहात्तर पानं वाचावी लागतात. एके काळी लोकांनी जेवणं खोळंबवून ती वाचली आहेत. उगीच फुशारकी मारत नाही.

नागपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कागद हलका, शाई थोडी फुटलेली, पण बांधणी पक्की. पुढे वीसेक वर्षं मी एका वाचनालयात काढली. कुणी मला उशाशी घेतलं, कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवला. एका दीडशहाण्याने तर बाविसाव्या पानावर खुन्याचं नाव पेनाने लिहून ठेवलं, आणि तेही चुकीचं. वाचनालय बंद पडलं तशी मी रद्दीत गेले आणि फिरत फिरत गोंदियाला एका चिवड्याच्या दुकानात पोहोचले. तिथे माझ्या पुड्या होणार होत्या. गणपतीचे दिवस होते. चिवडा घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मला गठ्ठ्यातून ओढून काढलं, पहिलं पान डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हे मी नेऊन राहिलो." ते भोजराज आजोबा.

आजोबांची सगळी नोकरी राइस मिलच्या बॉयलरवर गेली होती. कपडे कितीही धुतले तरी त्यांना उकडलेल्या धानाचा वास यायचा. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, त्यामुळे पान उलटताना ते कागदावर जरासं खरवडायचं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तरीही गोंदियाजवळच्या फुलचूरला त्यांच्या घरात रोज दुपारी तीन वाजता वाचन चालायचं. धुरपताबाई, म्हणजे आजी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि आजोबा शेजारी चटईवर बसून मोठ्याने वाचायचे. आजीला अक्षरओळख नव्हती. नऊ वर्षं हा नेम होता, आणि कितीतरी कादंबऱ्या त्यांनी अशाच संपवल्या होत्या. रोज चार पानं, कमी नाही की जास्त नाही. मध्येच आजोबा विचारायचे, "आयकून राहिली का वो?" आजी धागा दातांत धरून "हूं" म्हणायची. वाचून झालं की ते पानाचा कोपरा दुमडायचे. कोपरे दुमडणारे वाचक मला मुळीच आवडत नाहीत, पण त्यांचं मी खपवून घेतलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कोपरा एकशे बत्तिसाव्या पानावर दुमडलेला राहिला.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दुपारी आजी सवयीने सूप घेऊन बसली. मी फळीवर होते. तीन वाजले आणि माझ्या पानांत बोट शिरलं. मित्रांनो, मला वाचकांची बोटं कळतात, त्यात माझी चूक होत नाही. कागदावर चिरलेलं नख खरवडलं. उकडलेल्या धानाचा वास आला. एकशे तेहतिसाव्या पानापासून तो घोगरा आवाज सुरू झाला आणि आजीच्या हातातली विडी सुपात पडली. चार पानं झाली, कोपरा दुमडला गेला आणि वास विरला. मी भ्याले होते. आजी मात्र पदर डोळ्यांना लावून हसत होती.

ते रोज येऊ लागले. तो आवाज आजीशिवाय घरातल्या दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हता. बाकीच्यांना फक्त म्हातारी उघड्या पुस्तकासमोर मान डोलावताना दिसायची. आठवडाभराने आजीच्या मनात पाल चुकचुकली. तिने मला हातात घेऊन उरलेल्या पानांची जाडी चाचपली. पुस्तक संपलं की माणूस कशासाठी येईल? ती विनवू लागली, "आज दोनच वाचा ना जी." पण ते चारच वाचायचे. एक दिवस तिने मला पेटीत घालून वर कुलूप लावलं. तीन वाजता मी पेटीतच उघडले. त्यांनी अंधारात चार पानं वाचली, झाकणाला आतून वाफ धरली, आणि आजी बाहेर पेटीवर कान टेकून बसली तरी तिला काही ऐकू आलं नाही. ती चार पानं तिची गेली ती गेलीच. त्यानंतर तिने मला कधी कोंडलं नाही.

घरात दुखवटा होता, म्हणून यंदा दिवाळी नव्हती. आजीचा मुलगा गजेंद्र म्हणाला, "माय, घरात बसून बसून काय करून राहिली तू? चाल आमच्यासंग. नवेगावचं तळं पाहू, अर्जुनीजवळच्या प्रतापगडले जाऊ." आजी नको म्हणत होती. पण माझी शेवटची चार पानं उरली होती आणि ती त्याच दिवशी वाचली जाणार होती. म्हणून तिने मला पिशवीत घातलं, सोबत धाग्याची गुंडी घेतली आणि गाडीत बसली.

जुनी व्हॅन होती. पुढे गजेंद्र आणि त्याची बायको राखी, मागे आजी आणि नात रेणू. रेणू दहावीत. ही पोरगी हाती लागेल ते वाचते, अगदी भज्यांखालचा कागदसुद्धा. मला तिने एका रविवारी एका बैठकीत संपवलं होतं, त्यामुळे माझं तिच्याबद्दल मत चांगलं आहे. गोरेगाव मागे पडलं. शेतांत कापलेल्या धानाचे भारे पडले होते. कोहमाऱ्याला सगळ्यांनी आलूबोंडे खाल्ले. तिथून निघाल्यावर रेणूने मला पिशवीतून काढलं.

"आजी, शेवट सांगू का? खुनी कोण, मले माहीत आहे."

"नोको सांगू. मले शेवट आयकाचाच नाई."

"काऊन?"

"शेवट झाला का तुझे आजोबा जातील. ते रोज येतेत, तीन वाजता."

रेणूने मला हळूच परत पिशवीत ठेवलं आणि कोहमारा ते नवेगाव ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तळ्याच्या पाळीशी, म्हणजे बांधाजवळ, गजेंद्रने गाडी सावलीत लावली. आजीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती गाडीतच थांबली. रेणू तिच्याजवळ राहिली, बाकीचे दोघं नावा बघायला गेले. पाण्यावर ऊन होतं, गाडीत उकडत होतं. आजीने मला दोघींच्या मध्ये सीटवर ठेवलं आणि स्वतः दाराकडे सरकून जागा केली.

तीन वाजले. वारा नव्हता आणि मी उघडले. दोघींच्या मधली सीट हळूहळू खाली दबली. त्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली. रेणूने पाय वर ओढून घेतले, पण दार उघडून पळाली नाही. आवाज तिला ऐकू येत नव्हता. तिला दिसत होती ती पानं आणि आजीचे ओठ. आजी ऐकलेलं पुटपुटत होती आणि तिचं बोलणं पानावरच्या ओळींशी शब्दाला शब्द जुळत होतं. अक्षर न येणारी बाई वाचत होती म्हणा ना. 

चौथं पान संपलं. खुनी कळला. एवढी वर्षं मी जपलेलं रहस्य, पण आजीने त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर तो अंगठा आला, वरून खाली फिरला, पुन्हा वर गेला. तिथे काहीच नव्हतं. सीट वर यायला लागली.

"नोका जाऊ जी," आजी म्हणाली. "मी एकटी काय करू?"

रेणूने पिशवी उपसली, पेन काढलं आणि माझ्या कोऱ्या पानावर लिहिलं: नवेगावच्या तळ्यावर ऊन पडलं होतं. आजी गाडीत बसली होती. तिचे गुडघे दुखत होते.

अंगठा थांबला. मग पहिल्या शब्दाखाली आला. आजीने मान वर केली आणि रडता रडता हसली. "माहे गुडघे कायले आले यात?"

रेणूचं पेन हातातच राहिलं. तिने काय लिहिलं ते आजीला वाचता येत नव्हतं. ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं होतं. सीट पुन्हा खाली दबली. रेणूने पुढे लिहिलं, पान भरलं, मागची बाजू भरली, पुढच्या आणि मागच्या पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजूंवरही लिहिलं. अशी चार पानं झाली तेव्हा कोपरा दुमडला गेला आणि काच निवळली.

त्या रात्री अर्जुनीला राखीच्या बहिणीकडे मुक्काम होता. रेणूने दिवाळीच्या अभ्यासाची वही फाडली आणि विड्या बांधायच्या धाग्याने ते कागद मला शिवले. टाके वाकडेतिकडे होते, फार दुखलं. दुसऱ्या दिवशी गजेंद्र आणि राखी प्रतापगडच्या पायऱ्या चढून दर्ग्यावर गेले आणि खाली गाडीत आजोबांनी रेणूचं अक्षर वाचलं. तिने आदल्या दिवसाची सगळी हकीकत लिहिली होती. आलूबोंडे कसे होते, गाडी कुठे तापली, मावशीकडे कोणती भाजी होती. माझ्या खुनाला "हूं" म्हणणारी आजी या भाजीला पोट धरून हसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून रेणू रोज चार पानं लिहू लागली. मी आता उशीएवढी जाड झाले आहे. आपण जे लिहितो ते जपून लिहावं लागतं, हे तिला लवकरच कळलं. एकदा घाईत तिने लिहिलं, 'मग पाहुणे चहा घेऊन निघाले.' आजोबांनी ते वाचलं आणि चटई एकदम सरळ झाली, वास गेला. आजी हवेत हात चाचपडत राहिली. रेणूने लगेच पुढे लिहिलं, 'पण चष्मा विसरला होता म्हणून परत आले आणि जेवायलाच बसले.' कितीतरी वेळाने चटई पुन्हा दबली. दुसऱ्या एका दिवशी तिची तीनच पानं झाली. चौथं कोरं होतं. ते चिरलेलं नख त्या कोऱ्या पानावर खरवडत राहिलं, थांबेचना. शेवटी कागद फाटला.

आता जानेवारी संपत आला आहे. रेणू वाळली आहे, डोळ्यांखाली काळं आलं आहे. सराव परीक्षेत तिला कमी गुण मिळाले. राखीने सगळ्या वह्या तपासल्या आणि म्हणाली, "बोर्डाचं वर्ष आहे आणि तू वांग्याच्या भाजीवर पानं भरून राहिली? बस झालं." तिचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. परीक्षा होईपर्यंत रेणूला हे लिहायची बंदी आहे. तिने आधी लिहून ठेवलेली थोडी पानं तेवढी शिल्लक होती.

आजीने सूप बाजूला ठेवून पाटी घेतली आहे. अडुसष्टाव्या वर्षी ती रेणूकडून अक्षरं शिकते आहे. भ येतो, ज येतो, र येतो. परवा तिने एक अख्खं पान स्वतः लिहिलं. त्यावर चार वेळा फक्त 'भोजराज' होतं. तीन वाजता आजोबांनी ते वाचायला घेतलं आणि पहिल्याच नावावर त्यांचा आवाज अडखळला. मरणानंतर इतक्या दिवसांत तो कधी अडखळला नव्हता. एकेक नाव ते कितीतरी वेळ वाचत होते. पण रोज चार पानं लिहायला आजीला अजून फार वेळ लागेल, आणि माझ्यात आता उद्यापुरतीच लिहिलेली पानं आहेत.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना कव्हर घाला, पानांना थुंकी लावू नका, हे तुम्हाला दुसरी पुस्तकं सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी रोज एकेक पान लिहून फुलचूरला धुरपताबाईंकडे पाठवा. अक्षर मोठं काढा, आजोबांना एका डोळ्याने कमी दिसतं. तुमच्या घरी आज काय शिजलं, कोण आलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, काहीही लिहा. फक्त पानाच्या खाली 'समाप्त' असं लिहू नका. आणि गोष्टीतल्या माणसांना कुठे जायला लावू नका, सगळ्यांना घरीच राहू द्या.