पुढचा गिअर टाकला की मागे जाणारी होडी

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. होडीवाल्या काकूंनी पुढचा गिअर टाकला की होडी मागे सरकायची! आणि जन्मभर धूर सोडणारा सायलेन्सर चक्क श्वास आत घेत होता. फुंकर मारून चमत्कार करणाऱ्या फुंकरबाबांनी नळीपुढे रुमाल धरला, तर तो सपकन तिला चिकटला.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "आत बसलेला आत्मा ओढतोय! त्याला माझ्या चरणांची ओढ आहे. संध्याकाळपर्यंत होडी माझ्या नावावर करा, नाहीतर घरातला एकेक माणूस असाच मागे ओढला जाईल!"

गर्दीने हात जोडले. काकूंना रडू फुटलं. त्यांचं घर त्या होडीवर चालत होतं.

"परवापर्यंत तर नीट होती हो!"

"परवा काय झालं?" गावातले पंप दुरुस्त करणारी ताई हातात पाना घेऊन पुढे आली.

"इंजिनाच्या आतल्या एका गिअरचा दात तुटला होता. भावोजींनी नवा बसवला."

काकूंचे धाकटे दीर ताठ झाले. "खुणेला खूण जुळवून बसवलाय! तीस वर्षांचा अनुभव आहे."

"इंजिनांचा?"

"शिवणयंत्रांचा. पण चाक ते चाकच!"

ताईने इंजिनाच्या कवचावरचा ओतीव बाण दाखवला. "हे बाहेरचं मोठं चाक या दिशेने फिरायला हवं. कसं फिरतंय?"

"उलटं!" पुढचे चारपाच जण एकदम म्हणाले.

"म्हणूनच सायलेन्सरमधून हवा आत जातेय आणि हवा आत घेणाऱ्या जाळीतून धूर बाहेर येतोय. होडी मागे जातेय तीही त्यामुळेच. ऑइलचा पंपही उलटा फिरतोय, म्हणजे आत ऑइल पोहोचत नाही. आणखी थोडा वेळ चाललं तर इंजिन कायमचं जाम होईल."

तिने डिझेलचा कॉक बंद केला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

"आत्मा डिझेल पितो वाटतं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. पहिला हशा पिकला.

ताईने झाकण उघडून आतल्या एकमेकांत अडकलेल्या दोन्ही गिअरवर बॅटरी मारली. "भावोजी, तुमची खूण कुठली?"

"हा काय काळा ठिपका!"

तिने चिंधी फिरवली. ठिपका गायब. खरी खूण दोन दात पलीकडे चमकत होती.

"ग्रीसचा डाग होता हा. त्यामुळे इंजिनात डिझेल वेळेआधी उडतंय. पिस्टनचा दट्ट्या वर पोहोचायच्या आत भडका होतो, चाकाला उलटा दणका बसतो आणि इंजिन उलटंच धावायला लागतं."

"चष्मा घरी राहिला होता," भावोजी पुटपुटले.

ताईने खुणा जुळवल्या, झाकण बसवलं, हँडल मारलं. इंजिन धडधडलं, धूर सायलेन्सरमधून निघाला.

"बाबा, आता फुंकर मारून उलटं फिरवा बघू!"

बाबांनी गाल फुगवले. फुंकून फुंकून तोंड लालबुंद झालं, पण चाक जुमानेना.

"आज... आज मला पोटाचा त्रास आहे," म्हणत ते गर्दीतून वाट काढू लागले.

मंडळी, देवाच्या नावाने माझेही डोळे पाणावतात. पण त्यानेच दिलेली बुद्धी बाजूला ठेवून त्याला कसं भेटणार? चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढं करा : झाकण उघडा आणि आत बघा.

काकूंनी डोळे पुसले, पुढचा गिअर टाकला. होडी सरळ पुढे निघाली.

"चला, पैलतीरी कोण कोण?" त्यांनी हाक दिली. "भावोजी, तुम्ही मधे बसा. आणि कशालाही हात लावू नका!"