मागची पावलं

"दुखतंय ना? मग थांब की! इथे कोण बघायला बसलंय तुला?" इत्तो मागून ओरडली.

हद्दू थांबला. ओलं फडकं पिळावं तशी त्याची डावी पोटरी पिळवटून निघाली होती. रस्त्याकडेच्या दगडावर हात टेकून तो कळ ओसरायची वाट पाहत उभा राहिला. इत्तो रबरी चपला फटफट वाजवत येऊन पोचली.

"पोस्टातली पत्रं आणि तुझा पाय. दोन्ही हमखास वाटेत अडकणार," ती म्हणाली.

हद्दूची एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे गेली होती, त्यामुळे हा टोमणा त्याला पाठ होता. तरी तो हसला. मार्चमध्ये याच रस्त्यावर दीडशे पावलांत पाय संपावर जायचा. आज तो सातशे मीटर धावला होता.

अझ्रू शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्टच सांगितलं होतं, "हाजी, पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. सिगारेट आजपासून बंद. रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की परत चालायचं. कळेला भिऊन घरी बसलात तर पाय गमवाल." हद्दू कधी हजला गेला नव्हता, पण पिकल्या केसांचा मान म्हणून त्याने ते हाजीपण मुकाट्याने घेतलं. सप्टेंबरच्या तपासणीत बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता थोडं धावा. पण एकट्याने नाही. आणि थांबायची लाज बाळगू नका."

इत्तोला वाटलं होतं, नवरा हरखून जाईल. तेहतीस वर्षांपूर्वी हा माणूस काळविटासारखा धावायचा. नवऱ्याचं तोंड का उतरलं, ते मात्र तिला कळलं नाही.

कारण चालताना काही होत नसे. धावायला लागलं की त्याला मागे पावलं ऐकू यायची. इत्तोच्या चपलांची नव्हे. हलकी, पंजावर पडणारी, डाव्या खांद्याच्या दोन हात मागची. तो थांबला की तीही थांबायची. ती आस्सूची पावलं होती. आस्सू म्हणजे इत्तोचा थोरला भाऊ.

त्या काळी आस्सू दहा हजार मीटर धावायचा, आणि हद्दू त्याच्यापुढे धावायचा. ते त्याचं कामच होतं. ठरलेल्या वेगाने वारा अंगावर घेत पुढे राहायचं, दोन तृतीयांश अंतर झालं की बाजूला व्हायचं आणि आस्सूला जिंकायला मोकळं सोडायचं. पुढच्याने वळून पाहायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. वळलं की लय तुटते, मागच्याला वाटतं आपल्यावर शंका घेतली. मागचा कसा आहे ते कानाने ओळखायचं. हद्दूचा कान इतका तयार होता की नुसत्या पावलांवरून तो आस्सूच्या बुटाची नाडी सुटलेली सांगायचा.

"चल," इत्तो शाल सावरत म्हणाली. "आज वळणापासून परत फिरायचं नाही. तळ्याला पूर्ण फेरी घालू. तिथे आस्सूच्या आत्म्यासाठी फातिहा म्हणू. किती वर्षं टाळायचं आपण?"

"आज पाय..."

"पायाचं निमित्त मला सांगू नकोस. थांबत थांबत जाऊ."

नाही म्हणायला त्याच्याजवळ दुसरं कारण नव्हतं. तो धावू लागला, आणि पावलं लगेच मागे आली. देवदारांच्या सावलीतून, मेंढ्यांच्या वाड्यावरून, वळणापुढे तळ्याच्या काठापर्यंत. वाटेत तीन वेळा कळ आली आणि तीन वेळा तो थांबला. चौथ्या वेळी तो उभा राहिला ती जागाच ती होती. जूनमधल्या रमजानात, इफ्तारला तासभर असताना, दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला आस्सू हद्दूच्या मागे धावताना इथे कोसळला होता. मेंढपाळांना तो सापडला तेव्हा उशीर झाला होता.

इत्तोने हात पसरले, ओठांतल्या ओठांत फातिहा म्हटली, तोंडावरून हात फिरवले. मग तिने हद्दूच्या दंडावर हात ठेवला.

"तू उगीच जिवाला लावून घेतलंस," ती मायेने म्हणाली. "वारा होता. त्याची पावलं थांबलेली तुला ऐकू आली नाहीत. त्यात तुझा काय दोष? आई शेवटपर्यंत म्हणायची, पोराकडे कुणी बोट दाखवायचं नाही."

तेहतीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. सगळ्या गावाने त्याला क्षमा केली होती, त्याने न केलेल्या गुन्ह्याची. दंडावरचा तो हात त्याला सोसवेना.

"वारा नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"वारा नव्हता, इत्तो. पान हलत नव्हतं. पावलं थांबली ती मला कळली. आधी अडखळली, मग थांबली."

हद्दू तळ्याकडे बघत पुढे बोलू लागला.

"मला वाटलं, दमला असेल, बसला असेल, येईल मागून. तोवर जन्मभर मी अर्ध्यात बाजूला होत आलो होतो. त्या दिवशी पाय असे चालले होते... मला एकदा शेवटपर्यंत जायचं होतं. त्याच्या पुढे."

"मग वळलास कधी?"

"गावात पोचल्यावर."

"तीन किलोमीटर," इत्तो म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आणि त्याच रात्री आईनं तुला स्वतःच्या हातानं हरीऱ्याचं गरम सूप पाजलं. तू रडतोस म्हणून."

"हो."

"आणि मी तुझ्याशी लग्न केलं."

तिचा हात त्याच्या दंडावरून केव्हा निघाला ते त्याला कळलं नाही. इत्तोने शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि ती गावाच्या दिशेने चालू लागली. पाठ ताठ, पावलं झपाझप.

"इत्तो!"

ती थांबली नाही. हद्दू तिच्यामागे धावला. मागे आज कुणीच नव्हतं. रस्ता इतका गप्प झाला होता की त्याला स्वतःचाच श्वास परका वाटला, आणि आस्सू गेला तेव्हा वाटलं नव्हतं तितकं एकटं वाटलं. त्याने वेग वाढवला. तिला गाठायचं होतं, शालीचा पदर धरून काहीतरी म्हणायचं होतं. पण शंभर पावलांतच पोटरी अशी आवळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तो वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा राहिला.

पुढे चपलांचा आवाज थांबला.

त्याने मान वर केली. शे-दीडशे हातांवर इत्तो रस्त्याच्या मधोमध उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. तिने वळून पाहिलं नाही. नुसती उभी राहिली. तळ्यावरून थंड हवा आली तशी तिने शाल आवळून घेतली.

कळ ओसरायला नेहमीसारखीच दोन-तीन मिनिटं लागली. हद्दूने पाऊल उचललं, तशी तीही चालू लागली. तो लंगडत होता, म्हणून ती सावकाश चालत होती. गाव येईपर्यंत तो आणखी चार वेळा थांबला. चारही वेळा ती थांबली.