पिवळ्या कागदाखालची बटणं

डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच मनात एक घर उभं करा. केडगावात, पुण्याच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, पत्र्याचं छप्पर असलेलं तीन खोल्यांचं घर. खिडकीत एक काळी पेटी, तिला स्टीलची लांब दांडी, आणि पेटीच्या खोबणीत झोपवलेला फोन. त्या फोनला वायर नाही. तो उचलून अंगणात न्या, न्हाणीघरापर्यंत न्या, तरी मुंबईतला माणूस कानात बोलतो. आता असं समजा की त्या घरात तुम्ही अकरा वर्षांच्या आहात, तुमचं नाव शुभांगी आहे, आणि घरात कोणी तुमच्याशी धड बोलत नाही.

साल होतं सत्त्याण्णव. कॉर्डलेस फोन मुंबईहून आणला होता तुषारकाकानं. एक शुभांगीच्या घरी, आणि तसाच दुसरा मागच्या घरातल्या पुष्पावतीकाकूंनी मागवला होता म्हणून त्यांना. काकानं एका दुपारी दोन्हीकडे जोडणी करून दिली. पेटी टीव्हीपासून लांब ठेवा, पहिला दिवसभर चार्ज होऊ द्या, दांडी पूर्ण ओढा, एवढं सांगून तो रात्रीची गाडी गाठायला पळाला. पेटीच्या पोटाला एक पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक इंग्रजी होतं. शुभांगी नखानं त्याचा कोपरा उचलायला गेली, तेव्हा पप्पांनी तिचा हात धरला. पप्पा, म्हणजे महेंद्र, एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर होते. कंपनीनं लावलेलं आपण काढायचं नाही, असा त्यांचा नियम. टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक होतं, फ्रिजच्या दारावर तर चार वर्षं होतं. कागद काढला तर गॅरंटी जाईल, म्हणाले. मागच्या घरी पुष्पावतीकाकूंचे यजमान गहिनीनाथकाका, त्यांनीही तो काढला नव्हता. ते तर म्हणे त्याच्यावर आणखी एक चिकटपट्टी लावून बसले होते.

मग फेब्रुवारीत आईला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली.

आई, म्हणजे माधुरी, गल्लीतल्या बालवाडीत शिकवायची. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन तपासून या म्हणून सांगितलं. मार्चमधल्या एका शुक्रवारची तारीख मिळाली. तोवर कोणाला काही कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं, कारण गल्लीत असं काही कळलं की लोक नको ते बोलतात, आणि अशा दुखण्याची लागण होते असं समजणारी माणसं तेव्हा कमी नव्हती. शुभांगीलाही बसवून सांगितलं. तिनं मान हलवली. त्या रात्री ती आईच्या पाठीला पाठ लावून झोपली आणि कोणाला एक अक्षर बोलली नाही.

चौथ्या दिवशी नळावर एका बाईनं माधुरीला विचारलं, पुण्याची तारीख पक्की झाली का. सातव्या दिवशी कोणीतरी डाव्या बाजूची चौकशी केली. त्याच आठवड्यात बालवाडीतली दोन मुलं यायची थांबली. एका मुलाच्या आईनं स्पष्टच सांगितलं, बाई, राग धरू नका, पण आमचं लेकरू लहान आहे.

डाव्या बाजूचं तिघांनाच माहीत होतं. मुंबईला तुषारकाकाला फोनवर सांगितलं होतं, पण तो काय केडगावच्या नळावर येऊन बसत नव्हता. उरली शुभांगी. पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की मैत्रिणीला सांगितलंस का, ते खरं सांग, मारणार नाही. ती नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग आईनंच विषय मिटवला, आणि त्या मिटवण्यात आईनंही आपल्याला चोर धरलंय हे शुभांगीला कळलं.

तेव्हापासून ती खोलीत आली की बोलणं थांबायचं. पिशवीतले डॉक्टरांचे कागद कपाटात वर गेले. आणि सोमवारी पप्पांनी ठरवून टाकलं की गुरुवारी संध्याकाळच्या एसटीनं शुभांगीला काष्टीला मावशीकडे सोडायचं. आई पुण्याहून परत येईपर्यंत तिनं तिथंच राहायचं. मावशीकडे फोन नव्हता. आईला काय झालं हे तिला सगळं होऊन गेल्यावर कळणार होतं.

मंगळवारी संध्याकाळी तुषारकाकाचा फोन आला. आईनं अंगणात उभं राहून घेतला. "जय भीम भाऊजी" म्हणून ती बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली, तेव्हा फोन शुभांगीच्या हातात देऊन ती पदर डोळ्याला लावत आत गेली. शुभांगीनं फोन कानाला लावला. काका तिकडून हॅलो हॅलो करत होता. त्याच्या आवाजामागे कुकरची शिट्टी झाली.

तिनं वळून चुलीकडे पाहिलं. आईनं त्या दिवशी भाकरीच केली होती, कुकर फळीवर पालथा होता. तिनं काकाला विचारलं की तुझ्याकडे कुकर लावलाय का. काका मुंबईत चाळीच्या खाली बूथवर उभा होता, तो हसला. तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली. ह्या वेळी ती दोन्ही कानांनी ऐकू आली. उजव्या कानात फोनमधून आणि डाव्या कानात मागच्या भिंतीपलीकडून.

पप्पांना तिनं लगेच सांगितलं. ते म्हणाले, क्रॉस कनेक्शन असेल, सगळ्यांच्याच फोनला होतं. तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. मग मात्र त्यांचा आवाज चढला. "आपली चूक फोनवर ढकलू नकोस, शुभे."

आता जरा थांबा आणि तुम्हीच सांगा, अशा वेळी काय करायचं? खरं बोलून झालं होतं. तीन वेळा बोलून झालं होतं.

बुधवारी संध्याकाळी काकाचा पुन्हा फोन आला. शुक्रवारची गाडी किती वाजता निघणार, हे पप्पांशी बोलून झाल्यावर शुभांगीनं दोन मिनिटं मागितली. पप्पांनी फोन दिला आणि समोरच खुर्चीवर बसून राहिले. ती अंगणाच्या टोकाला गेली. पलीकडे कोणी श्वास घेतंय असं तिला वाटलं. खरं होतं की भास, कोण जाणे. तिनं काकाला सांगितलं की उद्या आमच्या नळाला दुपारी तीन वाजता पाणी येणार आहे, पाणी सोडणाऱ्या माणसानं एकट्या पप्पांनाच सांगितलंय, कोणाला सांगू नकोस. काका म्हणाला, मी मुंबईत कोणाला सांगणार, वेडे. तिनं फोन खोबणीत ठेवला.

तुम्हाला माहीत आहे, त्या दिवसांत केडगावच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे सहाला. मार्चमध्ये तर दोन दोन दिवस यायचं नाही. दुपारी तीनला पाणी ही गल्लीत कधी न घडलेली गोष्ट होती.

गुरुवारी सकाळची शाळा होती. घरी येऊन ती जेवली. काष्टीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. अडीचला ती नळाकडे गेली आणि लिंबाच्या सावलीत उभी राहिली.

पहिल्या आल्या पुष्पावतीकाकू, दोन हंडे आणि एक बादली घेऊन. मग शेजारच्या दोघी. मग एक एक करत बारा-तेरा बायका, घागरी, डबे, तेलाचे रिकामे पिंप. ऊन असं होतं की घागरीला हात लावला तर चटका बसावा. शुभांगीच्या छातीत आनंदाची एक उसळी आली. सापडलं, सापडलं. आता पप्पांना आणून दाखवलं की झालं.

तेवढ्यात झुंबरबाई आली.

झुंबरबाई पासष्टीची, दोन घरची धुणीभांडी करायची, गुडघे वाकलेले. ती अर्धवट भांडी टाकून लांबून धावत आली होती, कारण तिच्या घरी घोटभरही पाणी उरलं नव्हतं. रांगेत शेवटी जागा मिळाली, तिथं सावली नव्हती. तीन वाजले. सव्वातीन झाले. नळ कोरडा. कोणी तोटी फिरवून पाहिली, आतून नुसती हवा सुसकारली. झुंबरबाई आपल्या हंड्यावर बसली, मग हंड्यावरून खाली जमिनीवर बसली, आणि तिनं डोकं धरलं. कोणीतरी पदरानं वारा घालायला लागलं.

शुभांगीची ती उसळी कुठल्या कुठे गेली. पप्पा चारला सुटणार होते. तोवर ही रांग अशीच उभी राहिली तर पप्पांना सगळं डोळ्यांनी दिसलं असतं. फक्त पाऊण तास गप्प राहायचं होतं.

ती रांगेपाशी गेली.

"पाणी येणार न्हाई," ती म्हणाली. "मी खोटंच सांगितलं हुतं."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. झुंबरबाईनं मान वर केली. "कुनाला सांगितलं गं? आमाला तर तू न्हाई सांगितलं."

"तुषारकाकाला. फोनवर."

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग एक फटकळ बाई पुष्पावतीकडे वळली. "आन् पुष्पे, तुला काय हिच्या काकानं ममईवरनं तार केली व्हय? तूच तर आमाला बोलावलं."

दोघीतिघी हसल्या. मग हसू थांबलं, कारण प्रत्येकीला नळावरची बाकीची बोलणीही आठवत गेली असावीत. पुष्पावतीकाकूंनी हंड्याचा काठ घट्ट धरला होता. हंडे तिथंच ठेवून त्या घराकडे निघून गेल्या.

चार वाजून गेल्यावर महेंद्र सायकलवरून आले, तेव्हा नळापाशी रिकामे हंडे होते आणि घरात आई आणि शुभांगी समोरासमोर बसल्या होत्या. शुभांगीनं सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचंही. ते ऐकत असतानाच दारात पुष्पावतीकाकू आल्या. पदराखाली त्यांनी आपला फोन धरला होता, जसं काही तो कोणाला दिसू नये. त्या चौकटीच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

त्यांचं बोलणं तुटक तुटक आलं. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा त्यांना वाटलं जामखेडहून माहेरचा असेल. उचलला तर माधुरी रडत होती. त्यांची थोरली बहीण ह्याच दुखण्यानं गेली होती, घरच्यांनी वर्षभर लपवून ठेवलं होतं आणि शेवटी उशीर झाला होता. "मला ठेववंनाच, माधुरी. रोज वाटायचं, आता न्हाई ऐकायचं. नळावर सांगितलं ते बी चांगल्यासाठीच, बायांनी तुला सांभाळून घ्यावं म्हून. पोरीवर आळ येतोय हे मला खरंच ठावं नव्हतं."

माधुरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझी दोन मुलं बालवाडीतून गेली, काकू." एवढंच. पुष्पावतीकाकूंनी मान खाली घातली.

महेंद्रांनी दोन्ही घरच्या पेट्या आणून जमिनीवर उलट्या ठेवल्या. दोन्हींच्या पोटाला तोच पिवळा कागद. त्यांनी नख लावून आपला कागद ओढला. तो फाटत फाटत निघाला. खाली तांदळाच्या दाण्याएवढी आठ पांढरी बटणं होती, ओळीनं, सगळी खाली. दुसऱ्या पेटीखालीही आठ, सगळी खाली. फाटलेल्या कागदावरचं इंग्रजी त्यांनी बोट ठेवून वाचलं. वापरण्यापूर्वी ही बटणं आपल्या मनानं वरखाली करा, असं लिहिलं होतं.

वर्गात दोन मुलींचं नाव शुभांगी असेल आणि बाईंनी नुसतं शुभांगी म्हटलं, तर दोघी उठून उभ्या राहतील. त्यात त्यांची काय चूक? ह्या दोन फोनांचं नाव कारखान्यातून एकच ठेवून आलं होतं, आणि ते बदलायचं काम घरच्यांचं होतं. पेटीखालची आठ बटणं जशी लावाल, तशीच फोनच्या पाठीला, बॅटरीच्या झाकणाखाली लावायची. मग त्या पेटीनं हाक मारली की तोच एक फोन उठतो, शेजारचा उठत नाही.

महेंद्र ती बटणं बघत उकिडवे बसून राहिले. कारखान्यात दुसऱ्याची यंत्रं रोज खोलणारा माणूस, आणि घरात एक कागद त्यांनी काढू दिला नव्हता. शेवटी त्यांनी काड्यापेटीतली एक काडी काढली, तिचं टोक मोडलं आणि ती शुभांगीपुढे धरली.

"तू लाव," ते म्हणाले. "कोणती वर, कोणती खाली, ते तुझ्यापाशीच ठेव. मलाही सांगू नको."

आई उठली, दाराशी गेली, आणि काष्टीच्या पिशवीतून शुभांगीचा फ्रॉक काढून तिनं घडी करून पुन्हा फळीवर ठेवला. उद्या पहाटेच्या गाडीला तिघं जाणार होती. पुण्यात काय निघणार, हे कोणालाच माहीत नव्हतं.

शुभांगीनं काडी हातात घेतली. पेटीकडे पाहिलं. मग काडी तिनं फाटक्या पिवळ्या कागदावर नीट ठेवली, न्हाणीघरात गेली, घरच्या पिंपातलं पाणी घागरीत ओतलं, निम्मं पिंप रिकामं होईपर्यंत ओतलं, आणि घागर कमरेवर घेऊन ती आधी झुंबरबाईच्या घराकडे निघाली.